शिखरेश्वराची हद्द

गेल्या पौषातील गोष्ट. सोमवारची पालखी आटोपली, आरती झाली, आणि आमच्या देवस्थानचे मुखत्यार दोघा महाजनांना बरोबर घेऊन माझ्याकडे आले. थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर उभी असलेली विष्णूची एक मोठी मूर्ती थाई सैन्याने यंत्र लावून पाडल्याची बातमी त्यांनी वाचली होती, आणि पाडतानाचे चित्रही पाहिले होते. डिसेंबर २०२५ मधील ती घटना. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेही तिच्याविषयी खेद व्यक्त केला होता. मुखत्यार म्हणाले, “वकीलबाब, निषेधाचा ठराव तेवढा चांगल्या भाषेत लिहून द्या. पुढच्या बैठकीत मांडू.” मी होकार दिला. देवाची मूर्ती लोखंडी हाताने ढासळताना पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याने देवळाच्या पायऱ्या चढू नयेत असे माझेही मत आहे.

तथापि वकिलाला एक खोड असते. दुसऱ्या बाजूचे कागद पाहिल्यावाचून तो तक्रार लिहीत नाही. ते कागद पाहू लागलो आणि लेखणी अडली. ही मूर्ती पुरातन नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी कंबोडियाच्या बाजूने ती उभारली होती, आणि जी जमीन दोन्ही राष्ट्रे आपापली म्हणतात तिच्या अगदी कडेला. थाई पक्षाचे म्हणणे असे की हे नोंदलेले धर्मस्थान नव्हते, हक्क दाखविण्यासाठी ते मागाहून ठेवलेले होते. या म्हणण्याने पाडणाराचे कृत्य शुद्ध होत नाही. पण दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो निषेधाच्या ठरावात बसत नाही. देवाला तेथे नेऊन उभे कोणी केले, आणि कशासाठी?

या प्रश्नाचे मूळ जवळच एका डोंगरावर आहे. दांग्रेक नावाची डोंगरांची रांग या दोन देशांना विभागते. तिच्या एका सुळक्यावर, सव्वापाचशे मीटर उंचीच्या कड्याच्या टोकाशी, शिवाचे एक प्राचीन मंदिर आहे. आज त्याला प्रेह विहेअर म्हणतात, थाई लोक फ्रा विहार्न म्हणतात. दोन्हींतला ‘विहार’ आपल्याच घरचा. मूळचा देव मात्र शिखरेश्वर, शिखराचा स्वामी. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मन राजाने तेथे आरंभ केला. पुढे पहिल्या आणि दुसऱ्या सूर्यवर्मनाने, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांत, बांधकाम वाढविले. एकामागून एक पाच गोपुरे, आणि त्यांमधून सुमारे आठशे मीटर लांबीची चढती वाट. ख्मेर मंदिरे बहुधा पूर्वाभिमुख असतात. हे उत्तरेकडे तोंड करून बसले आहे. सौम्य चढण उत्तरेस, म्हणजे आजच्या थायलंडच्या बाजूस. दक्षिणेस तुटलेला कडा, आणि खाली कंबोडियाचे मैदान. ज्यांनी ते बांधले त्यांच्या मनात दोन राष्ट्रे नव्हतीच, कारण डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच राज्य होते.

रेघ आली ती फार पुढे, आणि ओढली तिसऱ्याने. कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली असताना १९०४ साली फ्रान्स आणि श्याम यांच्यात तह झाला. त्यात म्हटले होते की या भागातील सीमा पाणलोटाने जाईल. डोंगरावरचे पाणी ज्या बाजूस वाहते ती त्या देशाची. वाचावयास किती स्वच्छ! परंतु फ्रेंच अधिकाऱ्यांनी जो नकाशा काढला आणि १९०८ साली पॅरिसमध्ये छापला, त्यात मंदिर कंबोडियात दाखविले गेले. तो नकाशा श्यामला पोहोचला. श्यामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानले, आणि आणखी पंधरा प्रती मागविल्या. पुढे १९३० साली हेच दामरोंग, तेव्हा मंत्री नव्हते पण इतिहासाचे थोर व्यासंगी होते, मंदिर पाहावयास गेले. गणवेशातील फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच निशाण फडकवीत त्यांचे स्वागत केले. पाहुण्याने पाहुणचार घेतला. निषेध झाला नाही. १९३४-३५ च्या सुमारास थाई मोजणीदारांना दिसून आले की नकाशावरची रेघ आणि खरा पाणलोट यांत फरक आहे. तरीही वर्षानुवर्षे कोणी बोलले नाही.

माझ्या वाचकांपैकी ज्यांनी जमिनीचे तंटे केले आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. माझ्याकडे एक वृद्ध पक्षकार येत. त्यांच्या पोरसूची कड मोजणीच्या नकाशात शेजाऱ्याकडे गेली होती. नकाशा घरात पेटीत होता, एक-चौदाचा उतारा दरवर्षी निघत होता, आणि सणाला शेजाऱ्याकडे जाऊन पातोळ्या खाणेही चालू होते. वीस वर्षांनी मुलांचे बिनसले तेव्हा म्हातारे म्हणाले, “नकाशा चुकीचा आहे.” मी विचारले, “मग बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “बोलण्यासारखे काय होते? माड कोणाचे ते दोघांनाही ठाऊक होते.” या उत्तरात जे शहाणपण आहे ते कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात मला सापडले नाही. दावा मात्र आम्ही हरलो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयातही तेच झाले. कंबोडियाने १९५९ साली अर्ज केला. १५ जून १९६२ रोजी निकाल लागला. नऊ विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ठरविले की मंदिर कंबोडियाच्या भूमीवर आहे, कारण श्यामने नकाशा आपल्या वर्तनाने स्वीकारला होता. दोन्ही पक्षांनी इतिहास, धर्म आणि पुरातत्त्व यांचेही दाखले दिले होते. न्यायालयाने ते निर्णायक मानले नाहीत. म्हणजे देव कोण, पूजा कोणी केली, पायऱ्या कोणी झिजविल्या, हे सर्व बाजूला राहिले. प्रश्न उरला नकाशाचा आणि मौनाचा. कायद्याच्या दृष्टीने मी या निकालाला नावे ठेवणार नाही. न्यायाधीशापुढे जे ठेवता येते तेवढ्यावरच त्याला निर्णय द्यावा लागतो, आणि भक्तीचा उतारा निघत नाही. थायलंडने निषेध नोंदवून निकाल पाळला. पण सैनिकांनी आपला ध्वज खाली न उतरविता खांबासकट उचलून नेला. परत येण्याचे वचनच ते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सुखाचा नाही. १९७९ साली कंबोडियातून जीव घेऊन आलेल्या ४० हजारांहून अधिक निर्वासितांना थाई सैन्याने याच कड्यावरून परत खाली ढकलले, आणि खाली सुरुंग पेरलेले होते. २००८ साली मंदिराची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. आनंद व्हावा अशी ती गोष्ट. तिच्यापासूनच गोळीबार पुन्हा सुरू झाला. २०११ साली तोफगोळ्यांनी मंदिराचे दगडही फुटले. २०१३ साली न्यायालयाने आपल्या जुन्या निकालाचा अर्थ सांगताना मंदिर ज्या सुळक्यावर आहे तो सुळकाही कंबोडियाचाच असल्याचे स्पष्ट केले. तरी २०२५ च्या जुलैत पाच दिवसांचे युद्ध झालेच. त्याची पहिली ठिणगी ता मुएन थॉम या दुसऱ्या शिवालयापाशी पडली. तेथे कातळातच उमटलेले स्वयंभू लिंग आहे. सुमारे चाळीस माणसे मेली, तीन लाखांहून अधिक घर सोडून पळाली. डिसेंबरात पुन्हा लढाई जुंपली, तेव्हा घर सोडणारांची संख्या पाच लाखांच्याही पुढे गेली.

आता आपण नेहमी जे म्हणतो ते येथे लावून पाहू. दोन धर्म शेजारी आले की तंटा होतो, असे आपण म्हणतो. येथे दोन धर्म कोठे आहेत? दोन्ही देशांतील बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध. दोघांचेही रामायण आहे; एकाचे रामकियेन, दुसऱ्याचे रेआमकेर. दोघांचे नववर्ष एप्रिलच्या मध्यास, सूर्य मेषेत जातो त्या सुमारास येते. ज्या मंदिरासाठी भांडण, त्याच्या मूळ देवाची यथासांग पूजा आज दोघेही करीत नाहीत. वंशाची रेघ म्हणावी, तर सुरिन, सीसाकेत, बुरीराम या थाई प्रांतांत लाखो नागरिकांची घरची भाषा ख्मेर आहे. जुलैत तोफांचा आवाज ऐकून पळालेल्या कित्येकांना पलीकडच्या सैनिकाची शिवी दुभाष्याशिवाय समजली असती.

येथे कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की हा एक दाखला झाला. त्याच थायलंडच्या दक्षिण टोकास पाहा. पत्तनीच्या बाजूस मलय भाषा बोलणारे मुसलमान राहतात. १९०९ साली इंग्रज आणि श्याम यांच्या तहाने ते रेघेच्या अलीकडे राहिले आणि त्यांचे भाईबंद पलीकडे. तेथे २००४ पासून सात हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रुए से या जुन्या मशिदीत एका दिवशी ३२ जण मारले गेले. तेथे धर्म भिन्न, भाषा भिन्न, आणि त्या भिन्नतेचा तंट्याशी संबंध नाही असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. मी तसे म्हणतही नाही. एवढेच म्हणतो की भिन्नता असो वा नसो, रेघेला तिची वाट पाहावी लागत नाही. भिन्नता सापडली तर ती तिचा उपयोग करते. न सापडली तर निर्माण करते. २००३ च्या जानेवारीत अंगकोर थायलंडचे आहे असे एक थाई अभिनेत्री म्हणाल्याची आवई नॉम पेन शहरात उठली, आणि जमावाने थाई वकिलात जाळली. ते वाक्य ती बोलल्याचा पुरावा कोणी दिला नाही. अंगकोर वाट मूळचे विष्णूचे मंदिर. ज्या शहरातील माणसे आयुष्यात एकदोनदा तेथे गेली असतील, ती त्याच्यासाठी घरे जाळावयास निघाली. ही भक्ती नव्हे. भक्ताला आपला देव दुसऱ्यानेही पुजावा असे वाटते. मालकाला तसे वाटत नाही.

देव आणि मालकी यांविषयी आपल्या कायद्यात एक विलक्षण विचार आहे. आपल्याकडे देवता ही कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या नावे मिळकत असते, ती दावा लावते. कलकत्त्याच्या एका कुटुंबात कुलदेवतेला हलवावे की न हलवावे यावरून वाद झाला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली म्हटले की देवतेने कोठे राहावे याविषयी तिच्या स्वतःच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा सांगण्यासाठी ज्याचा वादात काही स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमावा. ‘स्वार्थ नाही असा’ या शब्दांपाशी मी नेहमी थांबतो. हेगच्या न्यायालयात दोन सरकारे होती, दोघांकडे नामांकित वकील होते. शिखरेश्वराच्या वतीने कोणी नव्हते. असता, तर तो काय बोलला असता? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे त्याने भूमी मागितली नसती. दोन्ही बाजूंची वाट मोकळी ठेवा, एवढेच मागितले असते. अशी मागणी मान्य करण्याचा अधिकार त्या न्यायालयास नव्हता, आणि आजही कोणास आहे असे दिसत नाही.

आपल्या गोव्यातील मंडळींना हे परके वाटू नये. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. ज्या अंत्रुजात हे देव आले तेथे तेव्हा अंमल आदिलशहाचा होता. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या हद्दीतून निघालेल्या देवाला आसरा मिळाला तो मुसलमान राजाच्या हद्दीत. पूर्वजांनी नदीकडे पाहिले, नकाशाकडे नाही. पुढे १७६३ साली तो प्रदेशही पोर्तुगीजांकडे गेला, पण देव पुन्हा हलले नाहीत. देव हद्दीसाठी आले नव्हते. माणसांसाठी आले होते, आणि माणसे तेथे होती.

याच्या उलट सीमेवर नेऊन उभा केलेला देव. आपल्या गावांतही शिवेवर राखणदार असतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्यापुढे परगावचा वाटसरूही नारळ ठेवून पुढे जातो. तो वाट राखतो, अडवीत नाही. हद्दीचा दगड म्हणून ज्या क्षणी मूर्ती उभी राहिली, त्या क्षणी तिच्यावर पहिला आघात झाला होता. दुसरा आघात यंत्राचा, आणि चित्र फक्त त्याचेच निघाले. मुखत्यारांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ठराव नको?”

ठराव हवा. तो मी लिहून दिला आहे. पहिल्या वाक्यात मूर्ती पाडल्याचा निषेध आहे, आणि त्यात शब्द मवाळ केलेला नाही. दुसऱ्या वाक्यात, कोणत्याही राज्याने देवाला सीमेची खूण म्हणून वापरू नये असे म्हटले आहे. तिसऱ्यात दोन्ही बाजूंच्या छावण्यांत राहावे लागलेल्या कुटुंबांचा उल्लेख आहे. एका महाजनांनी विचारले की तिसरे वाक्य विषयाला सोडून आहे, ते गाळावे का. दुसऱ्यांचे म्हणणे, गाळायचे तर दुसरे गाळा. बैठक शिगम्यानंतर आहे.