लशीमागचे लेकरू

मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्या लोकांना करोनाची लस मिळू लागली, त्या दिवसांतली गोष्ट. गेवराई तालुक्यातील उमापूर येथे एका घरी मिस्साबलिदान अर्पण करून आम्ही निघालो होतो. त्या घरच्या आजींनी विचारले, "फादर, त्या सुईत काय हाय?" लेक आणि सून ऊसतोडीला गेलेली, नातवंडे सांभाळायला ह्या एकट्याच. आम्ही म्हणालो, "औषध आहे, आजी. देवाचं नाव घ्या आणि टोचून घ्या." आजींनी केंद्रावर जाऊन कोविशील्ड टोचून घेतली. आमचे उत्तर खोटे नव्हते. पुरेही नव्हते, आणि हे आम्हाला त्या क्षणीच ठाऊक होते.

सुईत काय होते, ते आता सांगितले पाहिजे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ह्या लशीची मूळ घडण ऑक्सफर्ड विद्यापीठातली. चिंपांझीत आढळणारा, सर्दीच्या कुळातला एक विषाणू शास्त्रज्ञांनी घेतला. वाढीसाठी त्याला आवश्यक असलेला जनुकांचा भाग कापून टाकला आणि करोनाच्या काटेरी प्रथिनाची कृती सांगणारे जनुक त्यात बसवले. असा विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो, निरोप पोहोचवतो, परंतु स्वतःची वंशवृद्धी करू शकत नाही. त्या निरोपावरून आपले शरीर खऱ्या शत्रूची ओळख आधीच करून घेते.

देवाच्या निर्मितीत ही ढवळाढवळ नव्हे काय, असे काही भाविक विचारतात. आम्हाला ह्या शंकेत फारसे तथ्य वाटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार बाग माणसाच्या स्वाधीन झाली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आमचे शेतकरी आंब्याला कलम बांधतात तेव्हा त्यांना कोणी जाब विचारत नाही. रोग आणणाऱ्याला निरोप्या बनवणे हीही मशागतच होय.

खरी अडचण पुढे आहे. वाढीचे जनुक काढून घेतलेला विषाणू कारखान्यात तरी वाढवायचा कसा? त्यासाठी अशा पेशी लागतात, की ज्यांच्या ठायी तेच काम करणारे जनुक आधीपासून आहे. ह्या लशीसाठी वापरलेल्या पेशींना 'एचईके २९३' म्हणतात. २९३ हा प्रयोगाचा क्रमांक. हा पेशीवंश १९७३ साली नेदरलँड्समधील लायडन येथे एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार झाला. ते बालक गर्भपाताने गेलेले असे मानले जाते. त्याची हकीकत नोंदलेली राहिली नाही. लस बनवण्यासाठी नवा गर्भपात करावा लागत नाही. त्याच जुन्या पेशी वाढत वाढत आजवर आल्या आहेत.

व्हॅटिकनच्या श्रद्धा सिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी ह्यावर निवेदन काढले. तत्कालीन पोप फ्रान्सिस ह्यांची त्याला संमती होती. निर्दोष लस मिळत नसेल, किंवा निवडीची मुभा नसेल, तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. घेणाऱ्याचा त्या दुष्कृत्याशी संबंध फार दूरचा आहे. मात्र ह्याला गर्भपाताची संमती समजू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे कोव्हॅक्सिन होती. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू माकडाच्या पेशींत वाढवून, मग निष्क्रिय करून भारत बायोटेकने ती बनवली. पण खेड्यातल्या केंद्रावर जी पेटी उघडेल ती लस! तेथे निवड ती कसली?

तेव्हा आजींनी लस घेतली हे योग्यच झाले. चुकलो ते आम्ही. त्याच निवेदनात लसीकरण स्वेच्छेने व्हावे असेही म्हटले आहे. जे ठाऊकच नाही त्याला स्वेच्छेने होकार कोण कसा देईल? बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खावे, असे संत पौल करिंथकरांस सांगतो, हे आम्हाला आठवत होते. परंतु ती मुभा न विचारणाऱ्याला आहे. आजींनी तर विचारले होते. सत्य सांगितले तर त्या लस नाकारतील, आणि काही बरेवाईट झाले तर नातवंडांचे काय, ह्या भीतीने आम्ही त्यांची सदसद्विवेकबुद्धी आमच्याच खिशात ठेवली. सेमिनरीत नीतिशास्त्राचा पेपर लिहिताना हे इतके सोपे नसते वाटले.

२०२२ च्या दिवाळीत नर्सिंग शिकणारी त्यांची नात सुटीवर आली. तिने आजींच्या समोरच विचारले, "फादर, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का?" आम्ही होय म्हणालो. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुणाचं लेकरू व्हतं ते?"

ते कोणालाच ठाऊक नाही, असे आम्ही सांगितले.

"सुई तर घेतलीच असती म्या," त्या म्हणाल्या, "पर आधी त्याच्यासाठी मिस्सा सांगितली असती."

ते मिस्साबलिदान त्याच नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात झाले. वहीत नावाची जागा कोरी आहे.