घर देणे आणि विचारणे

गरिबाला पक्के घर बांधून दिले की न्याय झाला, असे आपण मानतो. परंतु त्याला न विचारता दिलेले घर हा न्याय, की निव्वळ दान? आपल्याच जिल्ह्यात, येरवड्याच्या वस्त्यांत, २००५ साली आरंभलेल्या केंद्राच्या नेहरू अभियानातून कच्ची घरे जागच्या जागी नव्याने उभारली गेली. ‘महिला मिलन’च्या भगिनींनी घरोघर पाहणी केली, कुटुंबांनी खर्चाचा दहा टक्के वाटा उचलला. घर सुमारे २७० चौरस फुटांचेच. पण शेजार तुटला नाही. विचारत बसल्याने वेळ जातो, वाद होतात, हे आम्ही नाकारीत नाही. मावळातला पाऊस कोणासाठी थांबत नाही. तथापि, पावसापासून वाचविणे ही दया. कोठे आणि कोणाच्या शेजारी राहावे, हे ज्याचे त्याला ठरवू देणे हा न्याय. दयेने छप्पर मिळते, न्यायाने घर.