रचना कोणाची, भाव कोणाचा?

एखादी संगीतरचना ऐकून आपण तिला 'करुण' म्हणतों, तेव्हां तें कारुण्य स्वरांत असतें, वाजविणाराच्या हातांत असतें, कीं ऐकणाराच्या मनांत असतें? हा प्रश्न वरवर रसशास्त्राचा दिसला, तरी त्याच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे. जो कर्ता आतां बोलूं शकत नाहीं, त्याच्या कृतीला आपल्या गरजेप्रमाणें बोलावयास लावण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

युरोपीय वाद्यवृंदांतील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. गुस्टाव्ह माहलर याची पांचवी सिंफनी १९०४ सालीं कलोन येथें प्रथम वाजविली गेली. तिच्या चौथ्या भागास 'अडाजिएटो' असें नांव आहे. त्यांत तंतुवाद्यें आणि हार्प एवढींच वाजतात. बाकी सारा वाद्यवृंद स्तब्ध असतो. माहलरचा स्नेही व डच वाद्यवृंद-संचालक विलेम मेंगेलबर्ग यानें १९२६ सालीं हा भाग ध्वनिमुद्रित केला, तो सुमारें सात मिनिटांत संपतो. माहलरच्या हाताखालीं काम केलेल्या ब्रूनो वॉल्टरनें १९३८ सालीं व्हिएन्ना येथें तो सुमारें आठ मिनिटांत वाजविला. उलट बर्नार्ड हायटिंकच्या १९८८ च्या बर्लिन येथील ध्वनिमुद्रणांत त्यास जवळजवळ चौदा मिनिटें लागतात. स्वर तेच, क्रम तोच. काल मात्र दुप्पट!

या अवधींत दोन गोष्टी घडल्या. १९६८ सालीं न्यूयॉर्क येथें रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीच्या वेळीं लेनर्ड बर्न्स्टाईननें हा भाग वाजविला; आणि १९७१ सालीं व्हिस्कॉन्तीच्या 'डेथ इन व्हेनिस' या चित्रपटांत तो मृत्यूचा सोबती झाला. तेव्हांपासून असंख्य श्रोत्यांस हें शोकसंगीतच वाटूं लागलें. परंतु मेंगेलबर्गनें आपल्या स्वरलिपीच्या प्रतीवर निराळीच नोंद करून ठेविली आहे: हा भाग म्हणजे माहलरनें आल्माला पाठविलेलें प्रेमपत्र होय, आणि ही गोष्ट त्या दोघांनींही आपणांस सांगितली. माहलर व आल्मा यांचा विवाह १९०२ सालीं झाला.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेंच मावत, म्हणून मेंगेलबर्गनें घाई केली असेल, अशी शंका कोणी घेईल. पण त्याला दोन बाजू मिळाल्या होत्या. मनांत असतें तर आणखी संथ वाजविण्यास जागा होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माहलरनें स्वतःच आरंभीं 'अत्यंत संथ' असें लिहिलें आहे. खरें, पण थोड्याच अंतरावर त्यानें 'रेंगाळूं नये, आरंभापेक्षां किंचित् प्रवाही' अशीही सूचना दिली आहे. लयीचा आंकडा त्यानें कोठेंच दिलेला नाहीं.

लय बदलली कीं स्वरांचा अर्थही कसा बदलतो, हें आरंभींच दिसतें. ही रचना एफ मेजर या मेळांत आहे. परंतु पहिल्या क्षणीं 'ए' व 'सी' हेच स्वर कानीं पडतात, आणि ते एफ मेजरमध्यें आहेत तसे खिन्न मानल्या जाणाऱ्या ए मायनरमध्येंही आहेत. 'एफ' हा आधारस्वर येईपर्यंत कान संदिग्धतेंत राहतो. मध्यम संथ लयींत ती संदिग्धता उत्कंठेसारखी वाटते. अतिविलंबित लयींत तीच वियोगासारखी वाटूं लागते. शिवाय शेवटच्या, पांचव्या भागांत माहलरनें याच भागांतील एक सुरावट द्रुत व प्रसन्न लयींत पुन्हां आणली आहे. ज्या सुरावटीला कर्त्यानें स्वतः हंसविलें, ती केवळ रडण्यासाठींच होती असें कसें म्हणावें?

आपणांस हा वाद थोडा परका वाटेल. आपल्याकडे लय विलंबित ठेवावी कीं द्रुत, हें गायकच ठरवितो, कारण गातांना तो स्वतःही कर्ता असतो. तेथें मात्र वाजविणारा हा दुसऱ्याच्या लिहिलेल्या ठेवीचा विश्वस्त असतो. विश्वस्तानें ठेव पेटींत बंद करून ठेवावी असें नव्हे. पण ती कोणाची, हें त्यानें विसरूं नये.

मग १९६८ सालीं ज्यांनीं ही रचना अंत्यविधीस वाजविली, त्यांनीं असत्याचरण केलें काय? मला तसें वाटत नाहीं. प्रिय व्यक्तीची ओढ प्रेमांतही असते व शोकांतही असते. एकींत भेटीची आशा असते, दुसरींत ती नसते, एवढाच भेद. आणि तो भेद लय सहज पुसूं शकते. शोकाकुल मनानें या स्वरांचा आधार घेतला तर त्यांत पाप नाहीं. दोष तेथें सुरूं होतो, जेथें आपण म्हणतों कीं कर्त्याच्या मनांतही हाच शोक होता. आधार घेणें ही एक गोष्ट, आणि साक्ष बदलणें ही दुसरी.

हा नियम संगीतापुरताच नाहीं. दिवंगत वडिलांचें जुनें पत्र आपण हातीं घेतों आणि त्यांतील साध्या विनोदाच्या ओळीही सावकाश, जड कंठानें वाचतों. कारण लिहिणारा गेला हें आपणांस ठाऊक असतें. पण लिहितांना तो जिवंत होता, कदाचित् हंसतही होता. आपल्या दुःखाच्या लयींत तें पत्र वाचण्याचा आपणांस हक्क आहे. मात्र एकदां तरी तें त्याच्या लयींत वाचावें. गेलेल्या माणसाला आपण अश्रू देतोंच. त्याचा आनंदही त्याच्या नांवावर राहूं देणें, हें आपलें कर्तव्य आहे.