आधी भट्टी, मग पांढरी साडी

कोल्हापुरातली जुनी माणसं सीपीआर रुग्णालयाला आजही थोरला दवाखाना म्हणतात. त्यांच्याशी दवाखान्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते. पूर्वीच्या सिस्टर पांढऱ्याशुभ्र साडीत असायच्या, लांबून ओळखू यायच्या, त्यांचा वॉर्डात दरारा असायचा. आता कुठल्याही दवाखान्यात जा, कुणी निळ्यात, कुणी हिरव्यात, कुणी मरून ट्यूनिकमध्ये. सिस्टर कोण, लॅबची मुलगी कोण, सफाईच्या ठेक्यावरची मावशी कोण, काही पत्ता लागत नाही. तेव्हा पांढरा गणवेश परत आणा.

ही मागणी म्हाताऱ्यांची हळहळ म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. गगनबावड्याहून किंवा चंदगडहून रात्री पेशंट घेऊन आलेल्या माणसाला सलाईन संपत आली की हाक कुणाला मारायची हे समजलंच पाहिजे. एक रंग असला की ते समजतं. प्रश्न आहे तो पांढराच का, हा.

परिचर्येची सुरुवात काही पांढऱ्या कपड्यांत झाली नाही. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्या बायकांना मिळाले होते ते राखाडी, जाडेभरडे झगे. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, त्यांना तर कुठलाच गणवेश नव्हता. पांढरा रंग रुग्णालयात स्थिरावला तो जंतूंची ओळख पटल्यावर. पाश्चरचे प्रयोग आणि १८६७ मधले लिस्टरचे लेख यांनंतर रुग्णालयातली प्रत्येक वस्तू उकळून घ्यायची शिस्त हळूहळू आली. पांढरं सुती कापड या शिस्तीला मानवलं. त्यावर डाग लपत नाही, आणि सोडा घालून भट्टीत उकळलं, ब्लीच केलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. रंगीत कापड अशा धुण्यात दोन महिन्यांत विटलं असतं. म्हणजे हा रंग मुळात परिटाच्या भट्टीच्या हिशेबाने आला. पावित्र्य, त्याग वगैरे अर्थ त्याला मागाहून चिकटले.

आपल्या भागात या गणवेशाने आणखी एक काम केलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, पुढे तिथे मुलींना परिचर्येचं शिक्षण मिळू लागलं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाचं काम सुरू झालं आणि तिथल्या बायका, त्यांत कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, ही त्या काळी बाईची अब्रू जाण्याचीच गोष्ट होती. अशा वेळी गणवेश तिच्या बाजूने बोलायचा. ही बाई कामावर आहे, हिला वाट द्या. जुन्या माणसांना आठवतो तो दरारा मला वाटतं तिथून आलेला आहे. तो रंगाचा नव्हता. हातातल्या कामाचा होता, आणि पाठीशी उभ्या असलेल्या संस्थेचा होता.

मग पांढरा रंग मागे का सरला? शस्त्रक्रियेच्या खोलीतून तो सगळ्यात आधी गेला. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शर्मन यांनी तिथे हिरवं कापड आणलं, कारण लाल रक्तावरून नजर पांढऱ्यावर गेली की डोळे दिपत. वॉर्डात पुरुष परिचारक, म्हणजे आपले ब्रदर, वाढले तशी साडी आणि टोपी हा गणवेशच अपुरा पडू लागला. पदर सावरत पेशंटला कुशीवर वळवणं, सीपीआर देणं (इथे दवाखाना नव्हे, छाती दाबणं) किती अवघड, हे जिने केलंय तिलाच विचारावं. आणि पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यात रात्री आठ ते सकाळी आठ नाइट काढण्याचा धसका तर रंग ठरवणाऱ्या कुठल्याच बैठकीत निघत नाही. तो निघायला हवा.

उलटा प्रवासही झालेला आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात परिचारिकांनी दशकभरापूर्वी पांढरा वरचा अंगरखा आणि काळी पँट असा वेश पत्करला, तो पेशंटला ओळख पटावी म्हणून. आपल्याकडे २०२० च्या साथीत मात्र वेगळंच दिसलं. पीपीई किटमध्ये डॉक्टर, सिस्टर, मावशी सगळे एकसारखे पांढरे झाले आणि कोण कोण ते कुणालाच उमजेना. शेवटी लोकांनी मार्करने छातीवर, पाठीवर नाव लिहिलं. पेशंट त्या नावाने हाक मारू लागले.

मला खरी अडचण दिसते ती धुलाईत. आज बहुतेक परिचारिका गणवेश घरी धुतात. नाइट संपवून घरी आलेली सिस्टर आधी रक्ताचा डाग थंड पाण्यात मीठ घालून भिजवते, गरम पाण्यात तो पक्का बसतो. बीटाडीनचा तपकिरी डाग निघता निघत नाही. मग नीळ, मग खळ, मग इस्त्री. कोल्हापूरच्या आषाढात कपडे घरात दोरीवर, पंख्याखाली तीन-तीन दिवस दमट राहतात आणि पांढरं कापड पिवळट पडतं. त्याच बादलीत, त्याच मशीनमध्ये पोरांचे शाळेचे कपडेही असतात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शनानुसार ६० अंश सेल्सिअसला दहा मिनिटं धुतलं की बहुतेक जंतू निघतात. आपल्या घरातलं नळाचं पाणी तिथवर कधी पोचणार? धुलाई भत्ता देऊन रुग्णालय मोकळं होतं आणि वॉर्डातले जंतू सिस्टरच्या घराच्या वाटेला लागतात.

ज्या भट्टीच्या भरवशावर पांढरा रंग आला, तीच आता रुग्णालयाच्या हातात राहिलेली नाही. अशा वेळी फक्त रंग परत आणला तर त्याचा भार एकट्या सिस्टरवर पडेल. आधीच वॉर्डात तीन पेशंटमागे एक हा भारतीय परिचर्या परिषदेचा शिकाऊ रुग्णालयांसाठीचा निकष कागदावर राहतो, त्यात नीळ आणि इस्त्रीचं ओझं कशाला?

मोठ्या रुग्णालयांत चादरी आणि ऑपरेशनचे गाऊन धुवायची यंत्रं असतात. तिथेच गणवेशही धुवावेत. ड्युटीवर येताना कपाटातून धुतलेला जोड घ्यायचा, जाताना टोपलीत टाकायचा. एवढी सोय झाली तर पांढऱ्या रंगाला माझी हरकत नाही. वर पांढरा, खाली गडद, सिस्टर आणि ब्रदर दोघांना सारखा, आणि राज्यभर एकच. सोय होणार नसेल तर एकच गडद रंग ठरवावा, तोही परिचारिकांना विचारून. छातीवर नाव मात्र दोन्ही बाबतींत हवंच, मराठीत, अंथरुणावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

थोरल्या दवाखान्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी गणवेशासाठी निवेदन जरूर द्यावं. त्यात पहिली मागणी धुलाईयंत्राची लिहावी, दुसरी नावपट्टीची. रंगाची ओळ तिसरी असली तरी चालेल, आणि त्याखाली पहिली सही वॉर्डातल्या सिस्टरांची घ्यावी.