इफ्तारची फळे आणि ईदनंतरचा दस्तरखान

दिव्य कुरआनच्या ‘अबस’ या अध्यायात मानवाला आपल्या अन्नाकडे निरखून पाहण्याची आज्ञा दिली आहे. आकाशातून पाणी बरसते, जमीन दुभंगते आणि तिच्यातून धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून, खजूर, घनदाट बागा व फळे उगवतात, असा तेथे क्रम आहे. ही आहाराची पथ्ये नव्हेत, हे मान्य. कृतघ्न मानवाला निर्मात्याची आणि पुनरुत्थानाची आठवण करून देणे, हा त्या वचनांचा हेतू आहे. परंतु ज्या देणग्यांची अल्लाहने नावे घेऊन आठवण करून दिली, त्यांतील बहुतेक आपल्या ताटात येतच नसतील, तर आपण निरखून पाहणार तरी काय?

रमजानचेच पाहा. महिनाभर आपल्या दस्तरखानावर खजूर, कलिंगड, पपई, केळी असतात. गरिबाच्या घरीही मशिदीतून किंवा शेजाऱ्याकडून फळांची एखादी बशी पोहोचते. शव्वालचा चंद्र दिसतो आणि ती बशी फडताळात जाते, ती पुढच्या रमजानपर्यंत. मग फळ घरात येते ते कोणी आजारी पडल्यावर! रोजच्या ताटात रस्सा, भात, पाव, तळलेले पदार्थ. आणि भाजी म्हणायची तर रश्श्यातला बटाटा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या सुचविल्या आहेत आणि त्यात बटाटा धरलेला नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. कयामतच्या दिवशी माणसाला त्याचे आयुष्य, ज्ञान व संपत्ती यांच्याबरोबरच शरीर कशात झिजविले हेही विचारले जाईल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. तिर्मिजीमध्ये ही हदीस आहे. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी दिसू लागले असताना या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलता येणार नाही.

मात्र उत्साहाच्या भरात मोठे संकल्प करू नयेत. ‘आजपासून गोश्त बंद’ अशी शपथ तर मुळीच घेऊ नये. अल्लाहने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर हराम करून घेण्यास ‘अल्-माइदा’ या अध्यायात मनाई आहे आणि मोडलेल्या शपथेचा कफ्फाराही तेथेच आला आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे देणे अथवा गुलाम मुक्त करणे, आणि ते शक्य नसेल तर तीन रोजे. आदरणीय आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे का असेना, पण सातत्याने केले जाते. इबादतीचा हा नियम ताटालाही लागू पडतो. दुपारच्या जेवणात रोज एक पालेभाजी किंवा काकडी. अस्रनंतरच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी एक पेरू किंवा केळे. एवढे पुरे. वेळ नमाजशी जोडली की विसर पडत नाही. दर शुक्रवारी आठवड्याचा हिशेब घ्यावा. दोन दिवस चुकले असतील तर उरलेले पाच वाया गेले असे समजू नये. चाळीस दिवस हे निभले, तर मग दुसरी भाजी वाढवावी. मधुमेह असलेल्यांनी कोणते फळ किती खावे, हे हकिमाला वा डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खजूर खाणे सुन्नत आहे म्हणून वाटीभर खजूर खाणे, हे सुन्नतचे पालन नव्हे.

भाजी आवडत नाही, असे पुष्कळ लोक सांगतात. बुखारीमध्ये आदरणीय अनस (रजि.) यांचे कथन आहे. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलाविले, जवाची भाकरी, आणि दुधी व सुकविलेले मांस घातलेला रस्सा समोर होता. प्रेषित (स.) भांड्यातून दुधीच्या फोडी शोधून घेत होते. त्या दिवसापासून दुधी मला प्रिय झाला, असे अनस (रजि.) सांगतात. आवड अशीही निर्माण होते, प्रेमाने! शिवाय मांस आणि भाजी एकाच भांड्यात होती, हेही लक्षात घ्यावे. मराठवाड्यातील आपला दालचा याहून फार वेगळा नाही. फक्त त्यात दुधी नावापुरता न घालता, बोटीइतकाच मनापासून घालावा.

आता घराच्या हिशेबाविषयी. हंगामातले पहिले फळ प्रेषितांपाशी (स.) आणले जाई, तेव्हा ते बरकतीची दुआ करीत आणि हजर असलेल्यांपैकी सर्वांत लहान मुलाला ते फळ देत. आपल्याकडेही मुलांना पहिले मिळते. शेवटी मात्र जिला काहीच उरत नाही, ती घरची गृहिणी. सर्वांना कापून वाढायचे आणि स्वतः कोयीला लागलेला गर खायचा! पत्नीचा हक्क काय, असे विचारले गेले तेव्हा तुम्ही खाल तेव्हा तिलाही खाऊ घाला, हे उत्तर प्रेषितांनी (स.) प्रथम दिले. म्हणून बाजारातून पेरू आणणाऱ्याने घरातल्या माणसांची संख्या मोजताना तिलाही मोजावे, आणि तिच्या वाट्याची फोड तिच्यासमोर बसून तिला खाऊ द्यावी.