राहणं म्हणजे काय?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात एस्टोनियाचं नाव निघतं ते डिजिटल ओळखपत्रामुळे आणि स्काइपमुळे. स्काइपचा मूळ कोड टॅलिनमधल्या इंजिनियरांनी लिहिला. २००३मध्ये ते आलं, जगभर पसरलं, दोन-तीनदा विकलं गेलं आणि मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं. २२ वर्षं. आमच्याकडे याला दीर्घायुष्य म्हणतात.

त्याच टॅलिनमध्ये इटा एव्हर नावाची एक अभिनेत्री होती. जन्म १९३१चा, पाइडे या छोट्या गावातला. मॉस्कोच्या नाट्यसंस्थेतून १९५३मध्ये पदवी घेऊन ती टॅलिनच्या ड्रामा थिएटरमध्ये रुजू झाली आणि त्याच थिएटरची राहिली. सिनेमे केले, टीव्ही केला, पण पत्ता बदलला नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये, ९२व्या वर्षी ती गेली.

दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या माझ्या पिढीला हे वाचून दोनच गोष्टी सुचतात. एक, ‘वा, काय निष्ठा!’ दुसरी, ‘बिचारीला दुसरा पर्याय नसणार.’ मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७०मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था बिघडत चालली, तर तिथल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असं ते म्हणतात. निघून जायचं, किंवा आवाज उठवायचा. निष्ठा असेल तर माणूस लगेच निघत नाही. थांबतो आणि बोलून पाहतो. आमच्या क्षेत्रात पहिली वाट इतकी सोपी आहे की दुसरी कुणी वापरतच नाही. राजीनामा टाकायचा, नोटीस पिरियड काढायचा, पुढे.

पण इटा एव्हरपुढे यातलं काय होतं? ती नऊ वर्षांची असताना सोव्हिएत सैन्यानं एस्टोनिया गिळंकृत केला. दहाव्या वर्षी जर्मन आले, तेराव्या वर्षी पुन्हा सोव्हिएत. मार्च १९४९मध्ये अवघ्या काही दिवसांत २०,०००हून अधिक माणसं एस्टोनियातून उचलून सायबेरियात नेली. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. सरहद्द बंद. नाटकांवर सेन्सॉर. निघून जाता येत नाही आणि बोलताही येत नाही. अशा ठिकाणी राहण्याला निष्ठा म्हणायचं का? कैदी तुरुंगात राहतो, त्याला आपण निष्ठावान म्हणत नाही.

उलट, इथे एक बोचरा प्रश्न उभा राहतो. ज्या सत्तेनं शेजारीपाजारी गाडीत कोंबून नेले, तिच्याच राजधानीत शिकायचं आणि तिनं पोसलेल्या रंगमंचावर उभं राहायचं, ही साथ देणं नाही का? सोव्हिएत राजवटीचं एक सूत्र होतं: रूप राष्ट्रीय, आशय समाजवादी. म्हणजे नाटक खुशाल एस्टोनियन भाषेत करा, आत काय असावं ते आम्ही ठरवू. अशी थिएटरं दाखवून ‘बघा, आमच्याकडे छोट्या भाषासुद्धा कशा नांदतात’ असं सांगता यायचं. एव्हर आणि तिचे सहकारी त्या देखाव्याचा भाग होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या सूत्रात एक चूक होती, आणि मला ती महत्त्वाची वाटते. भाषेला त्यांनी नुसतं वेष्टन समजलं. एस्टोनियन बोलणारी माणसं आज जगात जेमतेम ११ लाख. सरकारदरबारी रशियनचं वजन वाढत असताना तीनशे-चारशे माणसं रोज संध्याकाळी अंधारात बसून आपल्या भाषेत हसत असतील, तर ते हसणं हाच आशय झाला. मग नाटक कुणाचंही असो, आत कुठलाही संदेश कोंबलेला असो. हा बंड नव्हता, त्याला शौर्यपदक मिळत नाही. पण साथ देणं आणि बंड करणं यांच्यामध्ये एक मोठी जागा असते. बहुतेक सगळी माणसं आयुष्य तिथेच काढतात. तिथे काय जपलं, यावरून त्यांना जोखायला हवं.

१९८३मध्ये मॉसफिल्मनं अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर सिनेमा काढला आणि मिस मार्पलच्या भूमिकेसाठी एव्हरला निवडलं. सोव्हिएत सिनेमात ‘विदेशी’ माणूस हवा असला की बाल्टिक नट बोलवायची पद्धत होती. ते त्यांचं घरातलं परदेश. म्हणजे आपल्याच देशात परकी ठरलेली बाई पडद्यावर इंग्रज म्हातारी झाली. गंमत म्हणजे मिस मार्पलही राहणारीच बाई. सेंट मेरी मीड हे तिचं गाव. तिथल्या माणसांना आयुष्यभर न्याहाळल्यामुळे तिला कुठलाही गुन्हेगार ओळखू येतो. एका जागी राहून माणूस आकसतो, हा आपला समज ती मोडीत काढते.

२० ऑगस्ट १९९१ला एस्टोनियानं स्वातंत्र्य परत मिळवलं. सरहद्द उघडली. एव्हर तेव्हा ६० वर्षांची होती आणि ती तिथेच राहिली. आता तरी हिला निष्ठा म्हणावं? मला तेही सोपं वाटत नाही. माझं कौशल्य कुठेही चालतं. पायथन टॅलिनमध्ये तीच आणि पुण्यात तीच. नटीचं हत्यार तिची भाषा. ते बॅगेत भरून नेता येतं, पण समोर ऐकणारं कुणी नसेल तर चालत नाही. आपण सहज निघू शकतो यात आपली काही नैतिक कर्तबगारी नाही, तो हत्याराचा गुण आहे. तिच्या राहण्यालाही मग उगाच देव्हाऱ्यात बसवू नये.

एवढं मात्र त्यातून मला कळतं. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ म्हणणाऱ्या कंपनीला निष्ठा देण्याची गरज नाही. वेळ आली की तीही हिशेबच करते. एव्हरच्या हयातीत थिएटरचं नाव बदललं, देश बदलला, पगार देणारं सरकार बदललं. या कशाशीही ती एकनिष्ठ राहिली असती, तर एव्हाना तिच्याकडे काही उरलं नसतं. टिकले ते समोरच्या खुर्च्यांवर बसणारे लोक आणि त्यांची भाषा.

म्हणून ‘किती वर्षं एका जागी राहिलास?’ हा प्रश्न मला आता चुकीचा वाटतो. चार कंपन्या बदलूनही माणूस राहणारा असू शकतो आणि एकाच खुर्चीत तीस वर्षं बसूनही कधीचा निघून गेलेला असू शकतो. आपण केलेलं काम कुणासाठी आहे, आणि आपण गेल्यावर त्या माणसांचं काय अडेल? माझ्या कामापुरतं या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. टॅलिनच्या त्या रंगमंचावर सत्तर वर्षांपूर्वी उभं राहणाऱ्या बाईला बहुधा ते रोज संध्याकाळी समोर दिसत असणार.