दादाचा गंज

दादा गेल्यावर त्याची इलेक्ट्रिक गिटार दोन पावसाळे केसमध्येच पडून होती. परवा उघडली. तारा काळ्या पडलेल्या, ब्रिजवर तो तळहात टेकवायचा तिथलं क्रोम उडालेलं, सॅडलचे बारीक स्क्रू गंजून घट्ट बसलेले. हा गंज नुसता मुंबईच्या हवेचा नाही, त्याच्या घामातलं मीठही त्यात आहे. मग घासून काढायचा की जपायचा?

असं जुनेपण विकतही मिळतं. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१च्या स्ट्रॅटोकॅस्टरचा रंग घामाने, वर्षानुवर्षं वाजवून उडाला. फेंडर १९९५पासून मुद्दाम झिजवलेल्या 'रेलिक' गिटार विकते. दादाचा गंज मात्र कमावलेला, म्हणून मला त्याला हात लावणं पाप वाटत होतं.

पण सगळ्या खुणा सारख्या नसतात. पितळेवरचा काळपट थर आतल्या धातूला थोडंफार सांभाळतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. ओल आत शिरते आणि उरलेलं लोखंडही जातं. म्हणजे आठवण जपतोय असं म्हणत मी गिटारच घालवत होतो.

स्क्रूंवर तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवले, सकाळी जुना टूथब्रश फिरवला. स्टील वूल टाळली, तिचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो. तारा बदलल्या. उडालेल्या क्रोमखाली पितळ निघालं, ते तसंच ठेवलं.

आता माझा तळहात तिथेच टेकतो. वाजवून झालं की पुसून ठेवतो.